सर्व्हरचं लायसन्स क्लायंट लायब्ररीला चिकटवू नका

ओपन सोर्सवाल्यांमध्ये एक सल्ला सतत फिरत असतो: "सर्व्हरला जे लायसन्स, तेच क्लायंट लायब्ररीला लावा, म्हणजे घोळ नाही. नाहीतर एमआयटी नाही तर अपाचे, दोन्ही सारखीच. आणि पुढे नको वाटलं तर बदलता येतंच." (लायसन्स म्हणजे कोड वापरण्याच्या अटी; क्लायंट लायब्ररी म्हणजे सर्व्हरशी बोलण्यासाठी आपल्या प्रोग्राममध्ये घालायचा तयार कोड; एमआयटी आणि अपाचे ही दोन लायसन्सची नावं.) पहिलाच प्रोजेक्ट करणारे हा सल्ला जसाच्या तसा उचलतात. त्यातलं एकही वाक्य नीट टिकत नाही.

सगळ्यात जास्त नुकसान पहिलं वाक्य करतं. सर्व्हर वेगळा चालतो, दुसऱ्याचा प्रोग्राम त्याच्याशी नेटवर्कवरून बोलतो. क्लायंट लायब्ररी मात्र त्या दुसऱ्या प्रोग्रामच्या पोटात शिरते. कुणी मोबाइल अ‍ॅप लिहिताना फाइलच्या डोक्यावर इम्पोर्टची एक ओळ टाकतो, कनेक्शन उघडतो, बिल्ड करतो, आणि आपली लायब्ररी त्याच्या अ‍ॅपबरोबर लोकांच्या फोनवर पोचते. लायसन्सच्या भाषेत हे वितरण झालं. लायब्ररी जीपीएल या कडक अटींच्या लायसन्सखाली असेल तर अख्ख्या अ‍ॅपचा सोर्स जीपीएलच्या अटींवर द्यावा लागतो, अशीच जीपीएल लिहिणाऱ्या फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनची भूमिका आहे.

याचा फटका मायएसक्यूएल या डेटाबेसच्या बाबतीत दिसला. त्यांची क्लायंट लायब्ररी आधी एलजीपीएल (लायब्रऱ्यांसाठीचं, जीपीएलचं सौम्य रूप) होती, ४.० आवृत्तीपासून ती जीपीएल झाली. वेबसाइट लिहिण्याची भाषा असलेल्या पीएचपीचं तेव्हाचं स्वतःचं लायसन्स जीपीएलशी जुळत नव्हतं. २००४ मध्ये पीएचपी ५ आलं तेव्हा ही लायब्ररी त्यात सोबत दिलेली नव्हती. मायएसक्यूएल आणि पीएचपी ही जोडी तेव्हा वेबवर किती घट्ट होती हे आठवलं की यातलं गांभीर्य कळतं. मायएसक्यूएलला त्याच वर्षी इतर ओपन सोर्स लायसन्सांसाठी खास सवलत जाहीर करावी लागली. पुढे मायएसक्यूएलएनडी हा नवा ड्रायव्हर (म्हणजे क्लायंट लायब्ररीच) पीएचपीच्याच लायसन्सखाली लिहिला गेला आणि २००९ च्या पीएचपी ५.३ मध्ये आला. आधीपासून चालत असलेलं काम लायसन्सच्या अडचणीमुळेही पुन्हा करावं लागलं. कमर्शियल लायसन्स विकणं हाच धंदा असेल तर जीपीएल क्लायंटमागे हिशोब असू शकतो, पण तो हिशोब मांडून घ्यावा, "घोळ नको" म्हणून नव्हे.

मोंगोडीबी या दुसऱ्या डेटाबेसने उलट केलं. सर्व्हर एजीपीएलखाली (नेटवर्कवरून दिलेल्या सेवेलाही लागू होणारं जीपीएल), ड्रायव्हर अपाचेखाली. २०१८ मध्ये सर्व्हर एसएसपीएल या त्याहून कडक लायसन्सवर गेला, तरी ड्रायव्हर अपाचेच राहिले. दोन लायसन्स असल्यामुळेच अ‍ॅप लिहिणाऱ्याच्या कोडला धक्का लागला नाही.

आता "एमआयटी आणि अपाचे सारखीच". दोन्ही सैल, म्हणजे कमी अटींची आहेत, इथपर्यंत ठीक. पण एमआयटीच्या मजकुरात पेटंट हा शब्दच नाही. २००४ च्या अपाचे २.० मध्ये कोड देणारा आपल्या त्या कोडपुरता पेटंटचा हक्कही स्पष्टपणे देतो, आणि हा कोड आमच्या पेटंटचा भंग करतो म्हणून दावा ठोकणाऱ्याचा तो हक्क संपतो. प्रोटोकॉल, कॉम्प्रेशन, एन्क्रिप्शन हाताळणाऱ्या लायब्ररीत मला हे कलम हवंच वाटतं. अडचण एकच: फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनच्या मते अपाचे २.० हे फक्त जीपीएल २ वर असलेल्या कोडशी जुळत नाही, जीपीएल ३ शी जुळतं. रस्ट या भाषेतल्या बऱ्याच लायब्रऱ्यांवर "एमआयटी किंवा अपाचे २.०" असं जोडीने लिहिलेलं असतं, त्याने दोन्ही बाजू सांभाळल्या जातात.

लायब्ररीत केलेले बदल परत मिळावेत अशी इच्छा असेल तर एमपीएल २.० (मोझिलाचं लायसन्स) पाहा. त्याची अट फाइलपुरती असते, वापरणाऱ्याच्या बाकीच्या कोडला ती शिवत नाही. एलजीपीएलही चालतं, मात्र गोसारख्या प्रोग्रामिंग भाषेत सहसा सगळं एकाच बायनरीत (तयार चालणाऱ्या फाइलमध्ये) स्टॅटिक, म्हणजे कायमचं जोडलं जातं. तिथे वापरणाऱ्याला बदललेली लायब्ररी पुन्हा जोडता यावी, ही एलजीपीएलची अट पाळणं जिकिरीचं होतं.

राहिलं "नंतर बदलता येतं". सगळा कोड एकट्याचा असेल तर येतं, तेही पुढच्या आवृत्त्यांपुरतं. बाहेरच्या माणसाचा पॅच (कोडमधला बदल) घेतला की त्या ओळींचा कॉपीराइट, वेगळा करार नसेल तर, त्याचाच राहतो. ओपनएसएसएल या एन्क्रिप्शनच्या लायब्ररीने लायसन्स बदलायचा इरादा २०१५ मध्ये सांगितला, २०१७ मध्ये कोड देणाऱ्यांना ईमेल पाठवून संमती मागितली, आणि अपाचे २.० खाली ३.० आवृत्ती निघाली सप्टेंबर २०२१ मध्ये. त्यामुळे पहिला परका पॅच घेण्याआधी लायसन्सची फाइल टाका, आणि पॅकेजच्या माहितीत तेच नाव लिहिलंय ना, एवढं पाहा.