सोमवारी इंदूर दाखवणाऱ्या टूरवाल्यांनो, जरा ऐका

आमची मावशी नाशिकहून ग्रुप टूरनं आली होती मागच्या आठवड्यात. उज्जैन, ओंकारेश्वर, महेश्वर, मांडू आणि शेवटी आमचं इंदूर. टूरचं नाव सांगत नाही, कारण एकाचं नाव घेऊन उपयोग नाही, मला वाटतं सगळ्यांचा कागद सारखाच असतो, आणि त्या कागदावर इंदूरसमोर लिहिलेलं असतं "आगमन, स्थलदर्शन, मुक्काम". संपलं.

तर मावशीचा मेसेज आला, सोमवारी दुपारी पोचतोय. मी वाचलं आणि कपाळावर हात मारला. सोमवारी! सोमवारी राजवाडा बंद आणि लालबाग महाल पण बंद. हे इंदूरचं शेंबडं पोरगंही सांगेल. बेचाळीस माणसं पैसे भरून येऊन राहिलीत (हो, आम्ही असंच बोलतो, हसा) आणि शहरातल्या दोन मोठ्या वास्तूंना कुलूप.

प्रवासाचा दिवस कसा गेला तेही ऐका. महेश्वरहून इंदूर नव्वदेक किलोमीटर, आरामात चाललं तरी दोन-अडीच तास. बस सुटली आठला, पण आधी साडीच्या दुकानात दीड तास, मग एका मावशींची पिशवी घाटावरच राहिली म्हणून बस परत फिरली, मग चहा, मग मानपूरच्या पुढे ट्रकांची रांग, असं करत करत हॉटेलवर पोचले दीडला. मग रूमच्या चाव्या, बॅगा, लिफ्ट एकच. मग जेवण. महाराज टूरबरोबरच असतो त्यांचा, वरण-भात, बटाट्याची भाजी, कोशिंबीर, जिलबी. मी भेटायला गेले तेव्हा मावशी पान वाढून बसलेली, म्हणाली, "अगं काय सुंदर वरण केलंय, घरच्यासारखं."

इंदुरात येऊन घरच्यासारखं वरण! मला हसावं का रडावं कळेना. पण खरं सांगते, बोलले काही नाही. काका गेल्यापासून ही तिची चौथी टूर. बॅग उचलायला माणूस, गोळीच्या वेळेला गरम जेवण, रूममध्ये सोबत. मी भाची असून मला कधी जमलं का तिला चार दिवस फिरवायला? नाही जमलं. त्यामुळे ग्रुप टूरला नावं ठेवणाऱ्यांतली मी नाही. माझं भांडण फक्त आमच्या शहरापुरतं आहे.

चारला बस निघाली, मीही चढले मावशीच्या शेजारी. मोठी बस राजवाड्यापर्यंत जातच नाही, लांब उतरवलं, मग सगळे टोप्या घालून हॉर्नच्या गर्दीतून एका मागे एक. राजवाड्याचा सात मजली दरवाजा, खालचे तीन मजले दगडाचे, वरचे लाकडाचे. बाहेरूनच बघितला. गाईड म्हणाला, ये राजवाडा है, होलकरों का, फोटो ले लीजिए, पंद्रह मिनट. आणि पुढे सुरू झाला, इंदौर सबसे साफ शहर. अरे बाबा, २०१७ पासून पहिला नंबर काढतोय त्याचा आम्हालाही अभिमान आहेच, पण समोर बेचाळीस मराठी माणसं उभी आहेत ना! त्यांना सांग की १८१८ च्या मंदसोरच्या तहानंतर होळकरांची राजधानी इथे आली, म्हणून तर आमचे खापरपणजोबा इकडे आले आणि घरात आजही मराठी चालते. सांग की १९८४ च्या दंगलीत हा वाडा जळला होता. समोरच्या बागेत अहिल्याबाईंचा पुतळा आहे, तिथे तरी ने. लता मंगेशकरांचा जन्म १९२९ साली इथलाच, हे ऐकून नागपूरच्या एक काकू तर माझ्याकडे बघतच राहिल्या. कृष्णपुऱ्याच्या छत्र्या, म्हणजे होळकरांची स्मारकं, तिथून चालत जाण्यासारख्या, आणि सोमवारीही बघता येतात. नाही नेलं.

काचमंदिराला मात्र धावतपळत पोचलो, पाचला बंद होतं म्हणून. सेठ हुकुमचंदांनी बांधलेलं जैन मंदिर, भिंती, छत, खांब, जमीन, सगळी काच. मावशी आत शिरली आणि एकदम गप्प झाली, हे तिच्या बाबतीत क्वचित घडतं. मग खजराण्याचा गणपती, दर्शन, लाडू, आणि साडेसातला हॉटेल. जेवण. नऊला मीटिंग : "उद्या पाच-सहा-सात." म्हणजे पाचला उठवणार, सहाला नाश्ता, सातला बस.

आता मला सांगा, नऊला इंदूर झोपतं का? आमच्या सराफ्यात तेव्हा कुठे सोन्याची दुकानं शटर ओढतात आणि त्यांच्याच ओट्यांसमोर कढया चढतात. पार दीड-दोनपर्यंत. ज्या शहराचं खरं दर्शन रात्री आहे तिथे तुम्ही माणसांना नऊला पांघरूण देता!

मी सरळ मावशीला आणि त्या नागपूरच्या काकूंना रिक्षात घातलं. आधी भुट्ट्याचा कीस, मक्याचं कणीस किसून तुपात आणि दुधात शिजवलेला, वर मिरची, कोथिंबीर, लिंबू. मावशी म्हणे एकच चमचा, आणि द्रोण पुसून खाल्ला. थंडी आहे म्हणून गराडू पण होता, तळलेला कंद, वरून जिरावण, आमचा चटपटीत कोरडा मसाला, भुरभुरलेलं. काकूंना ठसका लागला तर म्हणाल्या मी शिकंजी घेते, लिंबाचं बरं पडेल. मी मुद्दाम काही बोलले नाही. ग्लास आला तर दाट आटीव दूध, केशर, सुकामेवा. काकूंचा चेहरा! "अहो, ही तर बासुंदी की काय?" आमच्याकडे शिकंजी हीच, लिंबूबिंबू विसरा. अर्धा ग्लास झाल्यावर म्हणाल्या, अजून एक सांगा, अर्धा अर्धा करू.

माझं म्हणणं एवढंच आहे, सोमवार टाळा, आणि इंदूरची एक संध्याकाळ मोकळी सोडा. महाराजांनाही एक रात्र सुट्टी. ज्यांना नको त्यांनी खुशाल वरण-भात खावा. आणि सकाळी सहाच्या उपम्याऐवजी कोपऱ्यावरचे वाफेवरचे पोहे द्या, बडीशेप घातलेले, शेव आणि जिलबीसोबत. नाशिककर आधी नाक मुरडतील, मुरडू द्या.

आणि आम्ही इंदूरकर तरी काय मोठे, मी स्वतः लालबागेत शेवटची गेले ते मुलगी शाळेत असताना, आता तिला मुलगी आहे.

आत्ताच मावशीचा फोन होता. काकूंना नागपूरला जिरावण पाठवायचंय, दोन किलो. दोन किलो! मी म्हटलं अगं ते चिमूटभर घालतात. तर म्हणे, तू पाठव गं, बिल्डिंगमध्ये सगळ्यांनी सांगितलंय.