भाईंचं कॅलेंडर

सकाळी विहिरीत कळशी सोडली, वर आली ती दुधाच्या चहासारखं पाणी घेऊन. चाळीस वर्षांत असं झालं नव्हतं. घराच्या वरच्या डोंगरावर मे महिन्यापासून जेसीबी चालू आहे आणि पहिल्या दोन पावसांतच तांबडी माती व्हाळातून, म्हणजे ओढ्यातून, थेट आमच्या परसात. कुळागरात, आमच्या पोफळीच्या बागेत, घोट्याएवढा चिखल. सासूबाई म्हणतात, तुरटी फिरव. किती फिरवू?

पंचायतीत विचारलं तर सरपंच म्हणतात, आमच्या हातात काही नाही, जमीन वरूनच निवासी झालीय. वरून म्हणजे देवाकडून नव्हे, नगरनियोजन खात्याकडून. 2023 मध्ये गोव्याच्या नगरनियोजन कायद्यात 17(2) कलम घातलं. कुठली जमीन कशासाठी हे ठरवणाऱ्या प्रादेशिक आराखड्यात अनवधानाने राहिलेल्या चुका दुरुस्त करायच्या, असा त्याचा साळसूद चेहरा. म्हणजे आजेसासऱ्यांच्या काळापासून काजू देणारा डोंगर म्हणे चुकून डोंगर होता! मार्च 2025 मध्ये उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने त्या कलमाखालचे नियम रद्द केले. छान झालं, पण कापलेली कडा कोर्ट परत लावून देत नाही. आणि तोवर 2024 मध्ये जमिनीचा झोन बदलू देणारं 39अ कलम आणून ठेवलेलंच होतं. एक दार बंद होण्याआधीच दुसरं उघडून तयार.

मग गेले आमच्या आमदारांकडे, भाईंकडे. बाहेर वीस माणसं. कुणाला मुलाची नोकरी, कुणाला जत्रेसाठी मंडप. माझा नंबर आला तेव्हा भाईंनी सगळं ऐकून घेतलं, कुणालातरी फोन लावला, स्पीकरवर टाकला, ‘बघ रे जरा’ म्हणाले. संपलं. मी म्हटलं, ‘भाई, हे कलम विधानसभेत आलं तेव्हा तुम्ही काय बोललात? हात वर केलात की विरोध केलात?’ हसले. ‘बाय, चवथीचं सामान पोचलं होतं ना घरी?’

पोचलं होतं. नारळ, गूळ, तेल, वर त्यांचा फोटो असलेली पिशवी. ती पिशवी अजून आमच्या न्हाणीघराबाहेर चपला भरून ठेवलीय. तिथे उभी असताना मला भाईंपेक्षा माझाच जास्त राग आला. आम्ही त्यांना क्रिकेटच्या मॅचला बोलावतो, बारशाला बोलावतो, भजनी मंडळाच्या पेटीसाठी पैसे मागतो, आणि ज्या कामासाठी निवडून दिलं त्याचं एका शब्दानं विचारत नाही. त्यांना वाटतं हिशेब चुकता झाला. का वाटू नये?

आमदाराला मुदतीआधी परत बोलावायची सोय आपल्या कायद्यात नाही. जानेवारी 2022 मध्ये काँग्रेसच्या उमेदवारांनी देवळात, क्रॉसकडे आणि दर्ग्यात पक्ष सोडणार नाही म्हणून शपथा घेतल्या. सप्टेंबरात अकरातले आठ आमदार भाजपात. दोन तृतीयांश एकदम गेले की कायदा त्याला विलीनीकरण म्हणतो. म्हणजे पाच वर्षं आपल्या हातात उरतं ते फक्त तोंड, आणि तेही आपण सामानाच्या पिशवीवर गहाण टाकलेलं.

‘विचारून काय होतं गो?’ म्हणणाऱ्या शेजाऱ्यांना सांगते, ‘प्रादेशिक आराखडा 2011’, म्हणजे 2011 सालापर्यंतचा आराखडा, सरकारने जानेवारी 2007 मध्ये मागे घेतला तो काही सरकारला पश्चात्ताप झाला म्हणून नाही. लोक रस्त्यावर आले होते. त्याच वर्षाच्या शेवटी सेझ, म्हणजे उद्योगांसाठीची विशेष आर्थिक क्षेत्रंही गुंडाळावी लागली.

मी आता माहिती अधिकारात अर्ज टाकलाय. दहा रुपये. आमच्या सर्व्हे नंबरचं रूपांतर कुणी मागितलं, फाईलवर कुणाची सही, जागेची पाहणी झाली तर कोणत्या तारखेला. एकोणतिसाव्या दिवशी उत्तर आलं, ‘सदर माहिती या कार्यालयाशी संबंधित नाही.’ अहो, मग कलम 6(3) प्रमाणे पाच दिवसांत संबंधित खात्याकडे पाठवायचा ना अर्ज! महिनाभर त्यावर बसून काय उबवत होतात? अपील केलंय. सोडणार नाही. विरोधी बाकावरच्या एका आमदारालाही लिहिलंय, येत्या अधिवेशनात तारांकित प्रश्न घाला म्हणून, म्हणजे मंत्र्याला सभागृहात तोंडी उत्तर द्यावं लागेल. आपला आमदार विचारत नसेल तर दुसऱ्याचा विचारेल.

आणि गंमत अशी की डोंगराच्या पलीकडच्या उतारासाठी 39अ ची नोटीस निघालीय. राजपत्रात. राजपत्र कोण वाचतं? पणजीला कामाला असलेल्या भाच्याने व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवली म्हणून कळलं. हरकती द्यायला तीस दिवस.

स्वयंपाकघरात भाईंचं कॅलेंडर आहे, हात जोडलेल्या फोटोचं. आजवर त्यावर गॅस सिलिंडरची तारीख आणि दुधाचा हिशेब असायचा. आता लाल पेनाने नोटिशीचे दिवस खोडतेय. आज अकरावा. हरकतीवर त्रेचाळीस सह्या झाल्यात, वरच्या वाड्यावर अजून जायचंय.