तो चट्टा माझ्या हाताचा आहे

आज रिहर्सल आटोपली आणि मी केबल गुंडाळत बसले होते. बँडमध्ये नवीन आलेला बास वाजवणारा मुलगा शेजारी येऊन उभा राहिला, माझ्या गिटारच्या वरच्या कडेकडे बोट दाखवलं आणि म्हणाला, "हा उडालेला रंग कंपनीतूनच करून येतो ना?" मी म्हटलं, नाही. "पण रीइश्यू आहे ना? मग तेच. जुनेपणाचं सोंग." आणि बास खांद्याला अडकवून गेला.

मी गप्प बसले. घरी आले, जेवले, आडवी झाले, परत उठले. तर आता ऐका.

माझी गिटार १९६२च्या स्ट्रॅटोकास्टरची रीइश्यू आहे. म्हणजे फेंडर या गिटार कंपनीने १९६२ साली स्ट्रॅटोकास्टर, ज्या इलेक्ट्रिक गिटारला सगळे स्ट्रॅट म्हणतात, जशी बनवली होती तशी, त्या मापांनी, कित्येक वर्षांनी पुन्हा बनवलेली. अकरा वर्षं माझ्याकडे आहे. उजव्या हाताचा कोपराखालचा भाग जिथे बॉडीवर टेकतो, तिथलं लॅकर गेलंय. नायट्रोसेल्युलोज लॅकर आहे ते. पातळ थर असतो, घामाने आणि उबेने मऊ पडत जातो. पहिली दोन वर्षं काहीच दिसलं नाही. मग तेवढ्या भागाची चमक गेली, मग नखाएवढा फिकट ठिपका आला, आता तीन बोटं रुंद चट्टा आहे. अर्ध्या बाह्यांच्या दिवसांत तो जास्त वाढतो, हे मी अकरा वर्षं बघतेय. कुणी पॉलिश पेपर घेऊन घासलेला नाही तो.

मला ही गिटार का हवीशी वाटली ते सांगते, त्याशिवाय माझा राग कळायचा नाही.

कॉलेजात होते तेव्हा. एका ज्येष्ठ गिटारवादकांकडे खरी १९६२ची स्ट्रॅट होती. नाव घेत नाही, त्यांना आवडणार नाही. फार मागे लागल्यावर त्यांनी एकदा घरी बोलावलं. आधी अंगठी काढायला लावली. मग घड्याळ. मग चेनचं जॅकेट. हात धुऊन, कोरडे करून यायला सांगितलं. मग केस उघडली, गिटार माझ्या मांडीवर ठेवली आणि स्वतः समोर अगदी पुढे सरकून बसले, घसरलीच तर झेलता यावी म्हणून. अँप लावलाच नाही. मी एक ई कॉर्ड वाजवला, मग एक बार कॉर्ड, ज्यात एकच बोट सगळ्या तारांवर आडवं दाबतात, आणि पुढे काही सुचेना. दहा मिनिटांनी त्यांनी ती अलगद काढून घेतली.

पण त्या दहा मिनिटांत माझ्या डाव्या हाताला काहीतरी कळलं. माझे हात लहान आहेत. बार कॉर्ड धरला की मधली एक तार हमखास झणझणायची, आणि सगळे सांगायचे, जोर लाव, सराव कर. त्या गिटारवर तो कॉर्ड आपोआप बसला. पुढे कळलं की फिंगरबोर्डला, म्हणजे बोटं जिथे दाबतात त्या पट्टीला, आडवा गोलावा असतो आणि जुन्या फेंडरचा गोलावा ७.२५ इंच त्रिज्येचा असतो. आजच्या बऱ्याच फेंडर ९.५ इंचाच्या असतात, म्हणजे अधिक सपाट. मला तो जुना गोलावा हवा होता. जुनं लाकूड, जुना काळ, कुणाचं तरी पोस्टर, यातलं काहीही तेव्हा माझ्या डोक्यात नव्हतं. माझं बोट तिथे बसलं, एवढंच.

हो, त्याच गोलाव्यामुळे वरच्या फ्रेटवर, म्हणजे फिंगरबोर्डवरच्या बारीक धातूच्या पट्ट्यांपाशी, पहिली तार जोरात खेचली की ती पुढच्या फ्रेटला टेकून गुदमरते. मान्य. ट्रस रॉड (गिटारच्या दांड्याचा, म्हणजे नेकचा, बाक ठीक करणारी सळई) फिरवायचा तर नेकच सुटी करावी लागते, तेही मान्य. माझं मी बघून घेते.

आता त्या "सोंग" शब्दाबद्दल.

स्ट्रॅट १९५४ साली आली. जानेवारी १९६५मध्ये लिओ फेंडर यांनी कंपनी सीबीएस या मोठ्या प्रसारण कंपनीला विकली, १ कोटी ३० लाख डॉलरला. त्यानंतर काय झालं ते तुम्हा सगळ्यांना पाठ आहे. त्याच वर्षाच्या अखेरीस हेडस्टॉक, नेकचं जिथे तारा पिळतात ते टोक, मोठा झाला. काही वर्षांत नायट्रोच्या जागी जाड पॉलिएस्टर आलं. १९७१ साली नेक चार स्क्रूंऐवजी तीनवर आली. वाजवणाऱ्यांना फरक जाणवला, म्हणून ते वापरलेल्या गिटार शोधायला लागले, आणि "प्री-सीबीएस", म्हणजे सीबीएसच्या आधीची, हा शब्द तिथून तोंडी बसला. ज्या गिटार कुणीतरी जुन्या झाल्या म्हणून विकल्या होत्या, त्यांच्यासाठी रांगा लागल्या. गिब्सन या दुसऱ्या मोठ्या कंपनीकडेही तेच. तिची सनबर्स्ट रंगाची लेस पॉल गिटार १९५८ ते १९६०, तीनच वर्षं बनली. खपत नव्हती म्हणून १९६१ साली आकारच बदलून टाकला, ज्याला आपण आज एसजी म्हणतो. पुढे इंग्लंडमधल्या पोरांनी तीच सेकंडहँड लेस पॉल मोठ्या अँपला जोडली आणि जगाला शुद्ध आली. क्लॅप्टन, पीटर ग्रीन. १९६८ साली गिब्सनला लेस पॉल परत सुरू करावी लागली. आणि तरीही ती तशी नव्हती, म्हणून पुढे दुकानदार स्वतः ऑर्डर देऊन जुन्या मापांच्या बनवून घ्यायला लागले.

हे मी का सांगतेय? कारण रीइश्यू ही कंपनीची युक्ती होती असं म्हणणाऱ्यांना एक गोष्ट दिसत नाही. मागणी आधी वाजवणाऱ्यांची होती. कंपन्या कितीतरी वर्षं ऐकायलाच तयार नव्हत्या! सत्तरच्या दशकाच्या शेवटी जपानमध्ये टोकाई आणि ग्रेको या तिथल्या ब्रँडनी जुन्या फेंडर, गिब्सनच्या इतक्या बारकाईने नकला केल्या की मूळ कंपन्यांची पंचाईत झाली. मग १९८२ साली फेंडरने ५७ची आणि ६२ची स्ट्रॅट आणि ५२ची टेलिकास्टर पुन्हा काढली, आणि त्याच वर्षी फेंडर जपान सुरू झालं. स्वतःचीच गिटार पुन्हा बनवायला शिकावं लागलं त्यांना. आपण विसरलो होतो हे कबूल करणं आहे ते. त्याला सोंग म्हणायचं?

ठीक आहे, आता त्याच गोष्टीवर कंपन्या पोट भरतात, दरवर्षी कुठल्या ना कुठल्या वर्षाची आठवण काढतात आणि ती आपल्याला विकतात. दिसतंय मला. आंधळी नाही मी. पण विकणाऱ्याचा हेतू आणि वाजवणाऱ्याचं बोट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

परत त्या खोलीत जाऊया. गिटार परत घेतल्यावर ते ती पुसत होते तेव्हा मी विचारलं, "तुम्ही रोज वाजवता ही?" त्यांनी मान हलवली. नाही. मग हळूहळू सांगितलं. त्यांनी ती घेतली तेव्हा ती फक्त एक वापरलेली गिटार होती. चौदा वर्षं रोज रात्री वाजवली. मग लोक येऊन तिची किंमत सांगायला लागले. आधी ती प्रवासात न्यायची बंद झाली. मग स्टेजवर. मग घरातसुद्धा. "उचलली की हात थरथरतो आता," म्हणाले. त्यांच्या स्ट्रॅटवरही कोपराखाली चट्टा होता, माझ्यापेक्षा कितीतरी मोठा, खाली लाकूड दिसत होतं. त्यावर त्यांनी बोट फिरवलं आणि म्हणाले, "हा किती वर्षं झाली, एवढाच आहे."

एवढाच आहे. वाढायचा थांबला होता तो. हे वाक्य मी इतक्या वर्षांत विसरलेले नाही.

म्हणून मला खरी, मूळ १९६२ची नकोच आहे. कुणी हातात ठेवली तरी मी तिची राखणदार होईन, वाजवणारी नाही. हा, मेटालिकाचा कर्क हॅमेट पीटर ग्रीनची १९५९ची लेस पॉल, जी मधल्या काळात गिटारवादक गॅरी मूरकडे होती, तीच स्टेजवर घेऊन जातो, आणि त्याला माझा सलाम. तो एक झाला. बाकी किती तिजोऱ्यांत आहेत, कुठल्यातरी भिंतीवर काचेमागे आहेत, तारासुद्धा न बदलता.

रीइश्यू मला काय देते? तोच गोलावा, तेच पातळ लॅकर, त्याच प्रकारचे पिकअप (तारांचा आवाज पकडणारे चुंबक), आणि वर धडकायची, घामेजायची, पडू द्यायची मुभा. माझ्या गिटारच्या केसमध्ये पिकअप निवडायचा पाच खटक्यांचा स्विच वेगळ्या पिशवीत आला होता, कारण जुन्या स्ट्रॅटला तीनच खटके असायचे. लोक तो मधे अडकवून दोन पिकअप एकदम लावायचे, तो नाकातला, पोकळ आवाज काढायला, आणि फेंडरने पाच खटक्यांचा स्विच १९७७ साली कुठे दिला. मी अजून तीनचाच ठेवलाय. मधे अडकवायला शिकले. करंगळीने. दोन वर्षं गेली त्यात, आणि आता गाणं चालू असताना मी तो अर्ध्या वाटेवर थांबवू शकते. त्या काळचे वाजवणारे काय करत होते ते मला वाचून कळलं नसतं. करंगळीला कळलं.

आणि कंपनीतून घासून आणलेल्या गिटारबद्दल त्याला बोलायचं असेल तर बोलू. रेलिक. फेंडरच्या कस्टम शॉपने, म्हणजे खास गिटार बनवणाऱ्या विभागाने, १९९५पासून त्या विकायला सुरुवात केली. नव्या गिटारला मुद्दाम ओरखडे, सिगारेटचे डाग, गंजलेले स्क्रू. मला त्या आवडत नाहीत. दुसऱ्याचा हात माझ्या गिटारवर आधीच फिरून गेलाय असं वाटतं. पण एका मित्राकडे आहे आणि तो म्हणतो की पहिला ओरखडा पडायची धास्ती नको म्हणून घेतली, पहिल्या दिवसापासून मोकळेपणाने वाजवता येते. बरं, असेल. ते कारण मी नाकारू शकत नाही. भीतीच घालवायची आहे ना, मग त्याने त्याच्या रस्त्याने घालवली.

आयरिश गिटारवादक रोरी गॅलाघरची स्ट्रॅट तुम्ही सगळ्यांनी पाहिलीये, निदान फोटोत. जवळजवळ सगळा रंग गेलेला, नुसतं लाकूड. १९६१ची. त्याने ती १९६३ साली वापरलेली घेतली, म्हणजे त्याच्या हातात आली तेव्हा दोन वर्षांची होती! दोन! ती म्हातारी त्याने केली, रात्रीमागून रात्र, स्वतःच्या घामाने. त्या दोन वर्षांच्या गिटारकडे बघून कुणी म्हणालं असेल का, खरी आहे की खोटी? जिमी हेंड्रिक्सने १९६९मध्ये वुडस्टॉक संगीत महोत्सवात वाजवलेली पांढरी स्ट्रॅट १९६८ची होती, मोठ्या हेडस्टॉकची, सीबीएसच्या काळातली. हे माझ्याच बाजूच्या लोकांना खुपतं, मलाही जरा खुपतं, पण आहे तसं आहे. त्याच्यासाठी ती नवी गिटार होती. जुन्या काळातल्या प्रत्येक माणसाच्या हातात त्याची गिटार नवीच होती, हे आपण कसं विसरतो?

लिहिता लिहिता राग थोडा उतरलाय. तो मुलगा वाईट नाही. त्याने कुठेतरी ऐकलं असेल. मीही विशीत असं बरंच काही बोलायचे.

खरं तर मला सांगायचंय ते त्यानंतरचं आहे, आणि ते मी कधी कुणाला नीट सांगितलं नाही. त्या दहा मिनिटांनंतर चारेक वर्षांनी मी त्यांना स्टेजवर पाहिलं. हातात स्ट्रॅट, त्याच रंगाची. मला धस्स झालं, म्हटलं, काढली की काय! मध्यंतरात मागे जाऊन विचारलं. रीइश्यू होती. बोलता बोलता त्यांनी ती अँपला टेकवून उभी केली आणि पाणी प्यायला निघून गेले. स्टँड नाही, केस नाही, मागे वळून बघणं नाही. नुसती अँपला टेकवली. माझ्या मांडीवर दहा मिनिटं गिटार असताना पुढे सरकून बसलेला हाच माणूस. मी तिथे एकटीच त्या गिटारपाशी उभी होते. तिच्या वरच्या कडेची चमक नुकतीच जायला लागली होती. तळहाताएवढी मंद जागा. मी आपोआप हात पुढे केला आणि मागे घेतला. मग लक्षात आलं, हिला हात लावलेला चालतो. लावला.

त्याच वर्षी मी माझी घेतली.

मूळची तेव्हाही त्यांच्याकडेच होती, केसमध्ये. आज कुठे आहे मला माहीत नाही, आणि विचारायचा धीर होत नाही.

असो. उशीर झालाय. उद्या पुन्हा रिहर्सल आहे, तीन तासांची, आणि तो बासवाला माझ्या उजवीकडेच उभा राहतो. तारा आत्ताच बदलून ठेवल्यात. अर्ध्या बाह्यांचा शर्ट इस्त्री करून खुर्चीवर टाकलाय.