लव्हबर्डची अंडी लगेच काढू नयेत : एक खुलासा

‘एकट्या लव्हबर्ड मादीने अंडे घातले की ते लगेच काढून टाकावे, म्हणजे ती अंडी घालणे थांबवते’ असा सल्ला पक्षीपालकांमध्ये सध्या फिरत आहे. तो चुकीचा आहे. नर नसतानाही मादी अंडी घालते आणि ती अंडी फलित नसल्याने त्यातून पिल्ले येण्याचा प्रश्नच नसतो. साधारणपणे एक दिवसाआड एक अशी ४ ते ६ अंडी घातल्यावर मादी थांबते, मात्र अंडी नाहीशी होत गेली तर ती भरपाईसाठी पुन्हा घालत राहते आणि प्रत्येक कवचासाठी तिच्या शरीरातील कॅल्शियम खर्ची पडते. म्हणून अंडी, किंवा त्यांच्या जागी त्याच आकाराची खोटी अंडी, तिचे लक्ष उडेपर्यंत, म्हणजे सुमारे तीन आठवडे, तशीच राहू द्यावीत आणि समुद्रफेस (कॅल्शियम पुरवणारे कटलफिशचे कवच) सतत उपलब्ध ठेवावा.

त्यानंतर, तिने पुन्हा अंडी घालू नयेत म्हणून, पिंजऱ्यातील घरटे व झोपडीसारखी खेळणी काढावीत, उजेड रोज १० ते १२ तासांवर आणावा आणि पाठीवरून हात फिरवणे बंद करावे. विरंगुळा म्हणून कागद देण्याचा सल्लाही जपूनच घ्यावा. पीचफेस या लव्हबर्डच्या जातीची मादी कागदाच्या सरळ, लांब पट्ट्या कातरून शेपटीजवळच्या पिसांत खोचते, ही घरट्याचीच तयारी असते. त्याऐवजी दाणे शोधून खावे लागतील अशी खेळणी द्यावीत. मादी पिसे फुगवून तळाशी बसून कुंथत असेल, तर अंडे अडकल्याची शक्यता धरून तातडीने पशुवैद्यकाकडे न्यावे.