नवरात्रातला तो मेसेज आणि माझ्या मावशीची शुगर

घटस्थापना जवळ आली की आमच्या नागपूरच्या महाल भागातल्या नातेवाइकांच्या ग्रुपवर एक मेसेज हमखास येतो. पोट रिकामं असलं की रक्तात साखर येणारच नाही, उपवासाचं खाणं हलकं असतं, एका जपानी शास्त्रज्ञाला उपवासावर नोबेल मिळालंय, आणि नऊ दिवस कडक उपवास केला की मधुमेह मुळापासून जातो, गोळ्या बंद करा. मला तो वाचून मनापासून राग येतो.

साखर फक्त ताटातून येत नाही. यकृत साठवलेली साखर रक्तात सोडतं, साठा संपत आला की नवी तयार करतं. मधुमेहात त्यावरचा इन्सुलिनचा लगाम सैल झालेला असतो. म्हणून तर रात्रभर पोटात काही नसताना कित्येकांची सकाळची शुगर 160-180 निघते.

पण खरा धोका उलट बाजूला आहे. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड या गोळ्या स्वादुपिंडाकडून इन्सुलिन सोडवून घेतात. माणूस जेवला की नाही, हे त्यांना कळत नाही. मागच्या नवरात्रात मावशीने सवयीने सकाळी गोळी घेतली आणि दिवसभर नुसता कोरा चहा. पाचव्या माळेच्या आरतीला तिच्या हातातलं निरांजन थरथरायला लागलं. घामाने पदर ओला झाला, मला तिने माझ्या आईच्या नावाने हाक मारली. बोट आधी धुतलं, कारण प्रसादाचं केळं लागलेलं असलं तर मशीन आकडा फुगवून दाखवतं. 48 आली. 70 च्या खाली गेली की लगेच साखर द्यायची असते. ती नीट गिळू शकत होती म्हणून तीन चमचे साखर पाण्यात ढवळून पाजली (बेशुद्ध माणसाच्या तोंडात काहीही घालायचं नाही, थेट दवाखाना गाठायचा). पंधरा मिनिटांनी 83. मग भगर आणि दही खायला लावलं. देवीसमोर उपवास मोडला म्हणून ती रडत होती.

म्हणून गोळ्या आपल्या मनाने बंद करायच्या? तेही नाही. टाइप 1 वाल्याने, म्हणजे ज्याच्या शरीरात इन्सुलिन जवळपास तयारच होत नाही त्याने, इन्सुलिन थांबवलं तर रक्तात आम्ल साचून जिवावर बेततं. डापाग्लिफ्लोझिनसारखी, लघवीवाटे साखर बाहेर काढणारी गोळी चालू ठेवून कडक उपवास केला तर हेच शुगर फारशी वाढलेली नसतानाही होऊ शकतं. नुसत्या मेटफॉर्मिनवर शुगर सहसा एवढी खाली जात नाही. कोणाची कोणती गोळी आहे हे मेसेज पाठवणाऱ्याला ठाऊक नसतं.

आता हलकं खाणं. आपल्याकडची साबुदाण्याची उसळ मलाही जीव की प्राण, पण साबुदाणा म्हणजे कंदातला निव्वळ स्टार्च. 100 ग्रॅम कोरड्या साबुदाण्यात 85 ग्रॅमच्या वर कर्बोदकं, तंतू नावालाच. त्यात बटाटा, वरून राजगिऱ्याचा गुळाचा लाडू. संध्याकाळी शुगर मोजून पाहा. दही, ताक, काकडी, मूठभर शेंगदाणे, थोडी भगर, हे बरं.

नोबेलचं म्हणाल तर ते 2016 साली योशिनोरी ओसुमींना मिळालं, पेशी स्वतःचेच निकामी भाग कसे मोडून वापरतात यासाठी. मूळ काम यीस्टवर. मधुमेह्यांच्या उपवासावर नाही.

राहिलं मुळापासून जाणं. यात सत्याचा अंश आहे आणि तो लपवू नये. ब्रिटनमधल्या ‘डायरेक्ट’ नावाच्या चाचणीत रोज साधारण 850 कॅलरींचा आहार तीन ते पाच महिने घेतलेल्यांपैकी 46 टक्के लोकांची शुगर वर्षाअखेरीस औषधांविना आटोक्यात होती. पण त्यांचा आजार सहा वर्षांच्या आतला होता, इन्सुलिनवर कोणी नव्हतं, गोळ्या देखरेखीखाली थांबवल्या होत्या आणि वजन खरंच उतरलं होतं. नऊ दिवस उसळ खाऊन हे होत नाही.

यंदा मावशी पितृपक्षातच डॉक्टरांकडे जाऊन आली. त्यांनी गोळीची मात्रा आणि वेळ लिहून दिली, दिवसातून चारदा शुगर बघायला सांगितली. आता ती फक्त उठता-बसता, म्हणजे घट बसताना आणि उठताना, उपवास करणार आहे, आणि देव्हाऱ्यात कुंकवाच्या करंड्याशेजारी साखरेची डबी ठेवली आहे.