दाणे टाकून दयाळ येत नाही : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार काका,

घराभोवती पक्षी यावेत म्हणून काय करावं, या माझ्या लेखावर तुम्ही मनापासून आणि सविस्तर लिहिलंत, म्हणून उत्तरही जरा लांब देतो. तुमचे आक्षेप थोडक्यात असे: वडिलांपासून चालत आलेलं गच्चीवर ज्वारी-तांदूळ टाकणं मी बंद करायला सांगतो, हे मुक्या जिवांच्या तोंडचा घास काढण्यासारखं आहे. फवारणी थांबवली तर जास्वंद किडीने जाईल. पाण्याचं भांडं ठेवलं की डेंग्यू येईल. आणि रो-हाऊसमागच्या दहा बाय आठच्या तुकड्यात ‘झाडी करा’ म्हणणं अव्यवहार्य आहे.

दाण्यांमागची तुमची भावना मला कळते. पण तुम्हीच पुढे लिहिलंय की इतकी वर्षं दाणे टाकूनही पारव्यांशिवाय फारसं कोणी येत नाही. ते तसंच होणार. दयाळ, शिंपी, नाचण, चष्मेवाला या पक्ष्यांपैकी कोणीही ज्वारी खात नाही. दयाळ जमिनीवरचे किडे आणि गांडुळं टिपतो, शिंपी पानांमागच्या अळ्या शोधतो, नाचण उडते किडे पकडतो. सूर्यपक्षी फुलांतला मध पितो, पण पिल्लांना किडे आणि कोळीच भरवतो. इतकंच काय, दाणे खाणारी आपली चिमणीसुद्धा पिल्लांना पहिल्या दिवसांत अळ्या आणि किडे देते. अंगणात दाण्यांची रास असली आणि एकही अळी नसली, तर चिमणीचं घरटं वाढणार कशावर? दाण्यांनी पारवे आणि उंदीर मात्र वाढतात. पारव्यांच्या विष्ठेमुळे होणाऱ्या फुफ्फुसांच्या त्रासावरून 2025 मध्ये दादरच्या कबुतरखान्याचा वाद उच्च न्यायालयापर्यंत गेला, हे तुम्ही वाचलं असेलच.

म्हणून माझा सगळा भर कीटकनाशकांची फवारणी थांबवण्यावर आहे. इमिडाक्लोप्रिडसारखं आंतरप्रवाही औषध झाडाच्या रसातून सगळीकडे पोचतं, फुलातल्या मधातही. त्याच जास्वंदीवर सकाळी सूर्यपक्षी चोच घालतो. तुमच्या झाडावर जे पांढरं कापसासारखं दिसतंय तो पिठ्या ढेकूण असणार. आधी खोडावर मुंग्यांची रांग आहे का पाहा. त्याच्या गोड चिकट स्रावासाठी मुंग्या त्याची राखण करतात, त्यामुळे मुंग्यांची वाट तोडल्याशिवाय तो हटत नाही. मग साबणाच्या पाण्यात भिजवलेल्या बोळ्याने फांद्या पुसा, फार लागलेला शेंडा कापून टाका, नळीने पाण्याचा जोरदार फवारा द्या. घरच्या दोन-चार झाडांना एवढं पुरतं. लिंबावर हिरव्या अळ्या दिसल्या तर त्या राहू द्या. पानं पुन्हा फुटतात, आणि त्या अळ्यांसाठीच शिंपी तुमच्या दारात येतो.

कोळ्याच्या जाळ्यांबद्दलही सांगायला हवं, कारण ती झाडूने काढून टाकणं आपल्याला स्वच्छता वाटते. शिंपी पानांच्या कडांना भोकं पाडून त्यातून कोळ्याचे धागे आणि कापूस ओवतो. सूर्यपक्ष्याचं लोंबतं घरटंही याच धाग्यांनी बांधलेलं असतं. घरातली जाळी जरूर काढा, कुंपणावरची ठेवा. तसंच कोपऱ्यातला पालापाचोळा रोज झाडू नका. दयाळाचं ताट तेच आहे. मार्चपासून पावसाळ्यापर्यंत पहाटे तारेवर बसून गाणारा हा पक्षी हिवाळ्यात जवळजवळ गप्प असतो, पण तेव्हाही खायला त्याच पाचोळ्यात उतरतो. हिवाळ्यात आवाज नाही म्हणून पक्षी नाही, असं समजू नका.

जागेचं म्हणाल तर दहा बाय आठ पुरेसं आहे, फक्त कुंड्या भिंतीलगत सुट्या सुट्या मांडू नका. एका कोपऱ्यात दाटी करा: कढीपत्ता, छाटून ठेवलेली तुती, अडुळसा, लिंबू आणि एकेरी पाकळ्यांची जास्वंद. कढीपत्त्याची पिकलेली काळी फळं बुलबुल आवडीने खातात. शक्य असेल तर धायटी लावा. सह्याद्रीच्या उतारांवर थंडी सरताना जी लाल फुलांनी भरते तीच. सूर्यपक्ष्यांना ती फार प्रिय. दुहेरी पाकळ्यांची संकरित जास्वंद दिसायला छान, पण तिच्यात मधापर्यंत पोचणं अवघड असतं. साखरपाण्याची लाल बाटली मात्र विकत घेऊ नका. ती अमेरिकेतल्या हमिंगबर्डसाठी निघालेली वस्तू आहे. आपल्याकडे ते पक्षी नाहीत, आणि आपल्या उन्हात साखरपाणी लवकर आंबतं.

डेंग्यूची भीती रास्त आहे. पण एडिस डासाला अंड्यापासून डास व्हायला साधारण आठवडाभर लागतो, त्यामुळे रोज बदललेल्या पाण्यात तो तयार होत नाही. नुसतं ओतून पुन्हा भरणं पुरत नाही, कारण अंडी पाण्याच्या रेषेच्या वर भांड्याच्या कडेला चिकटलेली असतात. काथ्याने कडा घासा. मातीचं पसरट भांडं घ्या, पाणी दोन इंचांपेक्षा खोल नको, मध्ये एक खडबडीत दगड ठेवा. आणि मांजर दबा धरून बसेल अशा झुडपाला अगदी लागून ते ठेवू नका.

एक विनंती. जास्वंद जूनमध्ये छाटणार असं तुम्ही लिहिलंय. शिंप्याच्या विणीचा भर पावसाळ्यातच असतो. कात्री लावण्याआधी मोठी पानं उलटून पाहा, आणि कुठे दोन पानं एकत्र शिवलेली दिसली तर ती फांदी पिल्लं उडून जाईपर्यंत तशीच ठेवा.