नळाला फडकं, गाडीला फिल्टर

ज्या सोलापुरी घरात नळाच्या तोटीला फडकं बांधतात, तिथल्या माणसाला पेट्रोलचा फिल्टर कुठं लावायचा हे शिकवावं लागू नये. पाणी येतं दोन-चार दिवसांआड, आणि आलं की पहिली धार चहाच्या रंगाची. म्हणून तोटीला जुन्या धोतराचा तुकडा. धोतर दुपदरी केलं की धार बारीक होते, चौपदरी केलं की बादली भरेपर्यंत नळ जातो. शेजारच्यानं मोटर लावून ओढायला सुरुवात केली, तर मोटर कोरडीच घों घों करत बसते. हे सगळं लहानपणापासून पाठ असलेला माणूस गाडीला मोठा पंप घालतो आणि दहा मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) बारीक फिल्टर नेमका पंपाच्या अलीकडं, ओढायच्या बाजूला लावतो. मग पंप का कण्हतो म्हणून निम्म्या गावाला विचारत फिरतो.

माझं म्हणणं एवढंच आहे, की पंपाला ढकलायला आवडतं, ओढायला आवडत नाही. ओढायच्या बाजूला अडथळा आला की तिथला दाब उतरतो. दाब उतरला की द्रव कमी तापमानाला उकळतो, आणि पेट्रोलमधले हलके घटक तसेही ३५-४० अंशांना उडायला लागतात. आपल्याकडं मे महिन्यात सावलीतला पारा ४२-४३ दाखवतो, डांबराचं तर बोलायलाच नको. म्हणजे पंपाच्या तोंडाशी पेट्रोल कमी आणि वाफ जास्त. इंधनाचा पंप थंड राहतो तो पेट्रोलनं, आणि त्याचं वंगणही पेट्रोलच. वाफ गिळायला लागला की तो आधी किणकिणतो, मग कण्हतो, आणि एके दिवशी भर दुपारी सात रस्त्याला गप्प होतो.

म्हणून पंप टाकीबाहेर असेल, तर पंपाच्या आधी १०० मायक्रॉनची स्टीलची जाळी. ती फक्त पंपाचा घास घेऊ शकणारा खडा अडवते. पंपाच्या पुढं, रेलच्या (इंजेक्टरांना पेट्रोल वाटणाऱ्या नळीच्या) आधी, १० मायक्रॉनचा बारीक फिल्टर. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉनचा धरला तर कोण काय अडवतं याचा अंदाज येईल. पंप टाकीतच असेल तर त्याच्या पायाशी जाळीचा मोजा असतोच. मग अलीकडं काही लावायचं नाही. मोजा मात्र नव्या पंपाबरोबर नवा घ्यायचा. जुना धुऊन वापरण्यात जे पैसे वाचतात, त्यात धड एक प्लेट भजी येत नाहीत.

आकाराचा घोळ वेगळाच. लोक फिल्टर निवडतात घोड्यांच्या, म्हणजे इंजिनाच्या अश्वशक्तीच्या, हिशेबानं. दोनशे घोड्यांच्या इंजिनाला पूर्ण ताकदीत तासाला साठेक लिटर पेट्रोल लागतं, म्हणजे छोटा फिल्टर पुरेल, असा हिशेब. पण रिटर्न लाईनच्या गाडीत पंप तासाला २५५ लिटरचा असला, तर इंजिन सिग्नलला नुसतं गुरगुरत असतानाही मिनिटाला चारेक लिटर पेट्रोल फिल्टरमधून जातं आणि न लागलेलं टाकीत परत येतं. माप पंपाचं घ्यायचं. आणि बाइकच्या दुकानात मिळणारा तो पारदर्शक प्लास्टिकचा फिल्टर, ज्यात पेट्रोल नाचताना दिसतं? तो गुरुत्वाकर्षणावर चालणाऱ्या कार्बोरेटरचा आहे. इंजेक्शनच्या गाडीत लाईनला तीन ते चार बार दाब असतो. तिथं तो लावणं म्हणजे फुग्यावर नारळ फोडणं.

आता जागा. गाडी जॅकवर चढली आणि खाली टेकूचे लोखंडी घोडे लावले, की गल्लीतून “काय करलालास बे?” अशी हाक येते, आणि पाच मिनिटांत चार सल्लागार उकिडवे बसतात. चौघांच्या चार जागा.

पहिल्याचं बोट बॉनेटखाली. लाल-निळा चकचकीत फिल्टर बॉनेट उघडताच दिसावा, हा हौसेचा निम्मा भाग असतो. तो नाकारण्यात अर्थ नाही. पार्क चौकात गाडी लावून बॉनेट उघडायला काहीतरी निमित्त लागतंच. जागा सरसकट चुकीचीही नाही. जुन्या कित्येक जपानी गाड्यांत कंपनीनंच फिल्टर तिथं, फायरवॉलवर (इंजिन आणि बसायची जागा यांच्यामधल्या पत्र्यावर), दिलेला असतो. हात सहज पोचतो, हा मोठा गुण. पण इंजिन बंद केल्यावर पंखा आणि पाणी थांबतं, आणि पुढची दहा-पंधरा मिनिटं बॉनेटखालचा भाग चालू गाडीपेक्षा जास्त तापतो. ॲल्युमिनियमचा फिल्टर ती उष्णता तव्यासारखी धरून ठेवतो. म्हणून एक्झॉस्ट मॅनिफोल्डपासून (इंजिनातून धूर बाहेर नेणाऱ्या तापलेल्या नळ्यांपासून) किमान वीतभर लांब, शक्यतो हवा आत येते त्या बाजूला, आणि मध्ये पत्र्याचा आडोसा. टर्बो असेल तर वीत कमी पडते. फिल्टर बॉडीला बांधायचा, इंजिनाला नाही. इंजिन रबराच्या माउंटवर डुलतं, त्यामुळं पुढच्या होजला, म्हणजे लवचीक नळीला, थोडी ढील ठेवायची.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, गवंड्याचा ओळंबा. फिल्टरच्या प्रत्येक जॉइंटपासून दोरा खाली सोडून बघायचं, की थेंब गळला तर पडेल कुठं. ओळंबा मॅनिफोल्डवर, टर्बोवर किंवा अल्टरनेटरवर टेकला तर जागा बाद, फिल्टर कितीही देखणा असो. तीन बारच्या दाबाखाली पेट्रोल थेंबानं गळत नाही, फवारा मारतं, हे खरं. पण ओळंब्यात नापास झालेली जागा फवाऱ्यात पास होणार नाही.

दुसऱ्याचं बोट गाडीखाली, टाकीजवळ. माझं मत इथंच आहे. इथं हवा खेळती असते, इंजिनाची धग लांब असते. फक्त सोलापूर आडवं येतं. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापानं गोल गतिरोधक १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असावा. आमच्या गल्ल्यांत उंची पाळतात, रुंदीत बचत करतात. त्यात गाडीचा जमिनीपासूनचा मूळ क्लिअरन्स १६५-१७० मिलिमीटर, आणि हौशीनं स्प्रिंगा बदलून तो ४० नं उतरवलेला. अशा गाडीखाली लोंबता फिल्टर म्हणजे गतिरोधकाला ठेवलेला नैवेद्य. चासीच्या बीमच्या आतल्या अंगाला, बीमच्या खालच्या कडेच्या दोन बोटं वर, अशी जागा शोधायची. एका बाजूच्या दाराखालच्या कडेपासून (सिलपासून) दुसऱ्या सिलपर्यंत सरळ फळी धरून बघायची. फिल्टर किंवा त्याचा एखादा नट फळीला लागला तर वर सरकवायचा. चाकाच्या मागच्या रेषेत नको, चाक खडे मारतं. सायलेन्सरच्या बाजूनं नको. टाकीच्या मागं, बंपरलगत तर मुळीच नको, कारण पुणे महामार्गावर मागून येणाऱ्या ट्रकचा ब्रेक आपल्या हातात नसतो.

इथं एक चूक हमखास होते. बसवताना जागा मोजतात फिल्टरची. मोजायची असते पान्याची. आतली जाळी काढायला एका टोकाचं झाकण उघडावं लागतं, त्याला दोन पाने लागतात, आणि जाळी पूर्ण बाहेर यायला तिच्या लांबीएवढी मोकळी जागा लागते. ती नसेल तर फिल्टर साफ होणार नाही, कुणी कितीही शपथा घेवोत.

तिसरा म्हणतो डिकीत. गाडीत बसलेल्यांत आणि पेट्रोलच्या जॉइंटांत पत्र्याची बंद भिंत नसेल, तर डिकी विसरायची. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती डिकीच्या तळाशी साचते आणि ॲम्प्लिफायरच्या सैल वायरीची वाट बघते. शिवाय पाहुण्यांसाठी नेलेल्या कडक भाकरीला आणि शेंगाचटणीला जो वास लागतो, तो भाकरी मोडल्यावरही जात नाही. चौथ्याचं मत ‘सीटखाली’ असं असतं. त्याला चहा आणायला पाठवावं.

नव्या गाड्यांचं वेगळं बघावं लागतं. बऱ्याच गाड्यांत फिल्टर आणि दाब सांभाळणारा प्रेशर रेग्युलेटर दोन्ही टाकीतल्या पंपाच्या डब्यातच असतात, रिटर्न लाईन बाहेर येतच नाही. तिथं पुढं जास्तीचा फिल्टर जोडला, तर तो तुंबेल तसा रेलचा दाब उतरतो आणि मागं बसलेल्या रेग्युलेटरला त्याचा पत्ताच नसतो. जोडायचाच असेल तर रेलजवळ दाब दाखवणारा गेज हवाच. डायरेक्ट इंजेक्शनच्या (पेट्रोल थेट सिलिंडरात फवारणाऱ्या) गाडीत जे काय करायचं ते हाय-प्रेशर पंपाच्या अलीकडच्या कमी दाबाच्या लाईनीत. पंप आणि रेल यांच्यामधल्या नळीत शंभर-दोनशे बार असतात; तिथं पाना लावायचा नाही.

कामाला हात घालताना टाकी पाव भागापेक्षा कमी, इंजिन गार, जागा उघडी, विझवायचा सिलिंडर हाताशी. पंपाचा फ्यूज काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवायचं, म्हणजे लाईनीतला दाब उतरतो. मग बॅटरीची निगेटिव्ह काढायची. जॉइंट सोडताना तरीही फडकं गुंडाळायचं, चष्मा लावायचा. लोखंडी नळी पाइपकटरनं कापायची. हॅक्सॉनं कापली की बुरा आत पडतो, आणि नवा फिल्टर बसवायच्या नादात इंजेक्टरला त्याच्या जन्मात मिळाला नसेल एवढा कचरा एका दुपारी मिळतो. वरून तारेची वीण असलेला जाळीचा होज कापून झाल्यावर हवा मारून आतली रबराची पूड काढायची. ए-एन फिटिंगचा (हौशी गाड्यांत वापरतात त्या आट्यांच्या जोडाचा) कोन ३७ अंशांचा, साध्या गाडीच्या फ्लेअरचा, म्हणजे नळीच्या पसरट तोंडाचा, ४५. दोघांचं लग्न लावलं तर ते पहिल्या दिवसापासून गळतं, आणि कितीही आवळलं तरी नांदत नाही.

टेफ्लॉन टेप प्लंबरला परत करायची. ए-एन जॉइंट आट्यांवर नाही, कोनावर बंद होतो. आट्यांना तेलाचा एक थेंब पुरे. हातानं घट्ट, मग पान्यानं षटकोनी नटाची एक-सव्वा बाजू फिरेल एवढंच. साधा होज असेल तर इंजेक्शनच्या दाबाचा, त्यावर एसएई जे-३० आर-९ असं छापलेलं असतं. क्लिप गोल कडेची. पाण्याच्या पाइपाची खाचवाली क्लिप रबर कापते. दर फूट-दीड फुटावर रबर लावलेला क्लॅम्प. आणि फिल्टरवरचा बाण इंजिनाकडं. उलटा बसवला तर गाडी सुरू होते, हीच त्यातली खोड आहे.

गळती बघताना आधी इंजिन सुरू करायचं नाही. किल्ली फिरवून पंप दोन-दोन सेकंद चालू द्यायचा, असं तीन-चार वेळा, आणि प्रत्येक जॉइंटवर कोरडा टिश्यू दाबायचा. बोटाला समजत नाही, टिश्यूला समजतं. मग इंजिन चालू करून, मग गरम झाल्यावर, मग दुसऱ्या दिवशी सकाळी परत.

पहिली सफाई महिन्याभरातच. २०२३ पासून पेट्रोल पंपांवर ई-२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल, यायला लागलं. आपल्या जिल्ह्यात साखर कारखान्यांची धुराडी जागोजागी, म्हणजे इथेनॉल तसं घरचंच. पण जुन्या टाकीत वर्षानुवर्षं बसलेला चिकट थर ते सोडवतं, आणि तो सगळा फिल्टरात जमतो. लक्षण ठरलेलं: गावात गाडी छान, आणि महामार्गावर चौथ्या गिअरात पूर्ण दाबली की वरच्या आरपीएमला गुदमरते. टर्बोच्या गाडीत त्याच क्षणी मिश्रण पातळ (हवा जास्त, पेट्रोल कमी) होऊन पिस्टनवर बेततं, म्हणून ‘पुढच्या रविवारी बघू’ इथं चालत नाही.

उघडलेली जाळी पांढऱ्या कागदावर झटकायची. तपकिरी चिखल निघाला तर टाकीचा, काळे कण निघाले तर होजचे, चकचकीत कण निघाले तर पंपाचे. आणि पांढरा, लांब, नाजूक धागा निघाला तर ती टेफ्लॉन टेप. मग मिस्त्री कितीही म्हणू दे, “मालक, आपण टेप लावतच नाही.”